बिनदारूची झोकांडी

११ जानेवारी

ठकीच्या आईला,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे पत्र फळीवर टाकून देशील. दे. एखाद्या दुपारी ठकी शाळेत असेल, तुझा दादा दुकानात शिवत बसला असेल, तेव्हा काढून वाच. घाई नाही.

फोन केला असता, पण माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. शिवाय हल्ली फोनच्या काचेला बोट लागलं की नाही तेच मला कळत नाही. एक अक्षर दाबायला जावं तर चार उमटतात. पेन निदान मुठीत आवळून धरता येतं.

मी बरा आहे. खोली तीच, वरच्या मजल्यावरची. जिना जरा उंच वाटायला लागलाय, एवढंच. आंघोळ स्टुलावर बसून करतो, एकदम राजेशाही.

कामावर सध्या जात नाही. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगतो. सोल चिकटवायला बुटाचा साचा उचलला आणि तो हातातून सुटून नेमका मुकादमाच्या पायावर पडला. एवढ्या मोठ्या कारखान्यात दुसरा पाय नव्हता का? मुकादम एका पायावर नाचत म्हणाला, "काय रे, सकाळी सकाळीच?" मी म्हटलं, "साहेब, अजून चहासुद्धा पोटात गेला नाही." सगळे हसले. शेजारच्या टेबलावरचा लंबू तेवढा हसला नाही. मग मुकादमाने मला भिंतीपर्यंत चालून दाखवायला लावलं. मी चाललो. झोकांडी गेली. पुढच्या टेबलाला धरलं म्हणून पडलो नाही. "घरी जा," तो म्हणाला, "आणि परत येऊ नकोस. इथे चिकटवायच्या सोल्युशनचे डबे उघडे असतात. एखादा बेवडा धडपडला तर आग लागेल."

घरी येताना एक बाई मागून हाका मारत आल्या. "अहो, तुमची एक चप्पल मागे चौकातच राहिली." खाली बघितलं तर खरंच, एक पाय उघडा. चौकापासून तसाच चालत आलो होतो आणि मला पत्ताच नाही. बाईंनी चप्पल पुढे टाकली आणि पदर नाकाला लावून चार पावलं मागे सरकल्या. त्यांचं काय चुकलं? तूही असंच सरकायचीस.

लंबू म्हणाला, मोठ्या दवाखान्यात नसांची डॉक्टरीणबाई बसते, तिला दाखव. दाखवून आलो. तिने डोळे मिटायला सांगितलं आणि म्हणाली, "सुई टोचली की सांगा." मी वाट बघत बसलो. बराच वेळ काही होईना तेव्हा म्हटलं, "बाई, टोचा ना." ती म्हणाली, "केव्हाची टोचतेय."

पुढच्या तपासण्या व्हायच्या आहेत. काळजीचं काही नाही. ठकीला माझा पापा दे. नाव सांगून दे.

तुझा —
(काय लिहू ते कळेना, म्हणून मोकळं सोडलंय.)


२९ जानेवारी

ठकीच्या आईला,

मी पीत नव्हतो.

हे वाक्य मी तुला तोंडाने कितीदा सांगितलं असेल. तू ऐकायचीस आणि भाकरीचं पीठ मळत राहायचीस. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो. तुझं तोंड मीच पोळवलं होतं, लग्नानंतरची पहिली काही वर्षं, ते काही मी नाकारत नाही. पण ठकी पहिलं पाऊल टाकायला लागली तेव्हा सोडली ती सोडली. त्यानंतर थेंब नाही. आता हे मी एकटाच म्हणत नाही.

डॉक्टरीणबाईने पायाला आणि हाताला तारा लावल्या आणि विजेचे बारीक झटके दिले. वरच्या बाजूला झटका दिला की नसेतून तो खाली किती वेगाने पोचतो, ते यंत्रात दिसतं. माझा झटका वाटेतच रेंगाळतो, काही ठिकाणी पोचतच नाही. तिने विचारलं, "काम काय करता?" सांगितलं. "खिडक्या उघड्या असतात?" म्हटलं, नाही, चिकटवलेल्या जागेवर धूळ बसते म्हणून बंद. "पंखा?" पंख्याने सोल्युशन डब्यातच सुकतं. "हातमोजे?" मी हसलो. मोजे घालून ब्रश कोण धरणार? हाताला लागलेलं सोल्युशन तर, ते ज्याने पातळ करतो त्या थिनरनेच आम्ही धुतो.

ती पेन खाली ठेवून म्हणाली, "तुमच्या नसा त्या थिनरने खाल्ल्यात." त्याची वाफ श्वासातून आत जाते, ओल्या हातातून आत जाते. शरीरातली सगळ्यात लांब नस ती आधी धरते, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून. मग हाताची बोटं. मग माणूस वस्तू पाडतो, जिन्यावर ठेचकाळतो, रस्त्यात झुलतो. मालकाने लवकर सुकणारं नवं थिनर आणलं आणि आम्ही सगळे खूश झालो होतो, आठवतं? काम झटपट होतं म्हणून मीच तुला कौतुकाने सांगितलं होतं.

मग ती म्हणाली, "घरच्यांना वाटत असेल, तुम्ही पिऊन येता."

मी काही विचारलं नव्हतं. ती आपणहून म्हणाली. आणि मला, त्या तारा पायाला लावलेल्या असताना, रडू आलं. ती बिचारी घाबरली. तिला वाटलं झटका जोरात बसला.

तू घर सोडलंस त्या संध्याकाळी दुधाचं पातेलं माझ्या हातून सुटलं आणि ठकीच्या पायाशी सांडलं. तू म्हणालीस, "वास लपवायला सोल्युशन फासून येता का अंगाला?" आणि ठकीला उचलून गेलीस. पातेलं माझ्या हातात होतं ते मला दिसत होतं, पण जाणवत नव्हतं. दिसणं आणि जाणवणं यात एवढी फट असते हे मला तरी कुठे माहीत होतं? मलाच कळत नव्हतं तर तुला काय सांगणार होतो?

आता कळलं. म्हणून लिहिलं. परत ये असं मी म्हणत नाही. एवढंच, की तू मनात माझ्यावर जो शिक्का मारलायस, तो पुसता आला तर बघ.

बाई म्हणाली, काम सुटलं तरी आणखी काही महिने हे वाढतं, मग उतरायला लागतं. माझं काही वाढलेलं नाही. खालची घरमालकीण मावशी काही सांगत आली तर मनावर घेऊ नकोस. तिला वाटतं मी आता दिवसभर पितो, कारण दिवसभर घरी असतो आणि भिंत धरून चालतो.

तुझा —


१७ फेब्रुवारी

अगं,

आधीच्या दोन पत्रांचं काय केलंस ते माहीत नाही. ती नाही वाचलीस तरी चालेल. हे मात्र वाच. वाच म्हणजे आत्ता, उभ्या उभ्या वाच.

काल मी ठकीच्या शाळेपाशी गेलो होतो. रागावू नकोस. आत गेलो नाही, हाकही मारली नाही, समोरच्या कट्ट्यावर बसलो होतो. तिनेच बघितलं. केवढी उंच झालीय! पळत आली, मिठी मारली, आणि माझ्या शर्टात नाक खुपसून म्हणाली, "बाबा, तुमचा वास गेला."

म्हटलं, "कसला वास?"

"कामाचा. आता तो आईच्या अंगाला येतो."

मी विचारलं, आई काय करते? तर म्हणाली, आई मामाच्या मागच्या खोलीत पर्सा चिकटवते. एक माणूस डबे देऊन जातो आणि तयार पर्सा घेऊन जातो. दार लावून घेते, कारण मामा म्हणतो वास दुकानात येतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं. मग म्हणाली, "आईचा हात झोपतो, बाबा. परवा वेणी घालताना मध्येच झोपला. मी म्हटलं, हलव. तर म्हणाली, हलवतेच आहे."

पोरगी हे हसत सांगत होती. मी कट्टा घट्ट धरून बसलो.

ते काम सोड. आज सोड. हातातली पर्स पुरी करते आणि मग सोडते असं म्हणू नकोस. डब्याला झाकण लाव, खिडकी उघड, दार उघड, आणि बाहेर येऊन बस. गिऱ्हाइकाचं नाक गेलं खड्ड्यात.

मी नाटक करतोय, तुला परत आणायला काहीतरी खुसपट काढलंय, असं तुला वाटेल. तुझ्या जागी मी असतो तर मलाही वाटलं असतं. म्हणून एक कर. डोळे मिट आणि ठकीला सांग, आईच्या पायाच्या करंगळीला चिमटा काढ. कळला तर हे पत्र फाडून टाक. नाही कळला तर दवाखान्यात जा, माझ्याबरोबर नाही, एकटी जा. डॉक्टरीणबाई भली आहे. ती म्हणाली होती, जे लवकर सुटतात ते पुरते सुटतात. मी उशीर केला, माझं सोड.

मागच्या पत्रात लिहिलं होतं की माझं वाढलेलं नाही. ते खोटं होतं. पाऊल आता उचललं जात नाही, फरपटतं. शर्टाची बटणं लागत नाहीत, डोक्यातून घालायचे कपडे घालतो. तुला दया यावी म्हणून सांगत नाही. त्या डब्यात काय आहे ते कळावं म्हणून सांगतोय.


२४ फेब्रुवारी

अगं,

तुझा दादा तुला सांगेल की नाही याची खात्री नाही, म्हणून मीच लिहितो. काल मी तुमच्या दारात आलो होतो. तू बाजाराला गेली होतीस.

उत्तर नाही आलं तेव्हा माझा धीर सुटला. लंबूला बरोबर चल म्हटलं, पण त्याचेच पाय आता लटपटायला लागलेत. दोघं मिळून गेलो असतो तर रस्त्यात लोकांनी नाणी टाकली असती. एकटाच गेलो. बसमधून उतरताना कंडक्टरने दंड धरला आणि म्हणाला, "जपून, राजे, आता घरी जाऊन झोपा."

दादाने मला गल्लीच्या तोंडापासून येताना पाहिलं असणार. तो दुकानाच्या पायरीवर टेप गळ्यात घालून उभाच होता. म्हणाला, "आलात तसे परत जा. दिवसाउजेडी ही अवस्था घेऊन बहिणीच्या दारात येता? लाज नाही वाटत?"

मी म्हटलं, "माझ्या तोंडाचा वास घे."

"काय?"

"जवळ ये आणि वास घे. बाकी काही मागत नाही."

समोरचा पानाच्या गादीवरचा माणूस बघत होता. दादाला वाटलं मी तमाशा करतोय. पण मी हललो नाही. हलू शकत नव्हतो हेही खरं, पायरीचा कठडा सोडला असता तर खालीच आलो असतो. शेवटी तो आला. नाक जवळ आणलं. मी तोंड उघडलं. दोन मोठी माणसं भर रस्त्यात अशी उभी. एकदा घेतला, मग पुन्हा घेतला. त्याचा चेहरा बदलला.

"मग झुलताय कशाने?" त्याने विचारलं, पण आवाज खाली आला होता.

म्हटलं, "तुझ्या मागच्या खोलीत जे डबे आहेत ना, त्याने."

त्याने मला आत बसवलं. मी सगळं सांगितलं, जसं डॉक्टरीणबाईने सांगितलं तसं. तो ऐकत होता आणि टेप बोटाला गुंडाळत होता, सोडत होता. मग उठला आणि मागच्या खोलीचं दार उघडलं. वास असा अंगावर आला की माझ्या तोंडाला पाणी सुटलं. काय सवय असते बघ शरीराला! तोही खोकला. म्हणाला, "मीच दार लावून घ्यायला सांगायचो तिला." आणि खाली बसला. त्याला तू काही बोलू नकोस. त्याने तुला छप्पर दिलं, ते माझ्याच्याने झालं नव्हतं.

निघताना म्हणाला, "परवा तिच्या हातून कात्री पडली, तर ती म्हणाली, नवऱ्याचे गुण लागले."

हे ऐकून मला हसू आलं. तुझी जीभ अजून तशीच आहे. बरं वाटलं.

सोमवारी डॉक्टरीणबाई असते. दादा तुला घेऊन येणार आहे. मी समोर येणार नाही. बाहेरच्या बाकावर बसेन. तू हाक मारलीस तर उठेन.


१२ मार्च

अगं,

तू बाकावर येऊन बसलीस, तेव्हा मला जे बोलायचं होतं त्यातलं काहीच बोलता आलं नाही. म्हणून पुन्हा कागद.

तू म्हणालीस, "विजेचा झटका लागतो हो." मी म्हटलं, "लागला? जोरात लागला?" तू म्हणालीस, "चांगलाच." आणि मी एवढा खूश झालो की शेजारचे लोक बघायला लागले. नवरा आपल्या बायकोला झटका लागला म्हणून हसतोय! पण तुला तो लागला, म्हणजे नस जागी आहे. डॉक्टरीणबाईने मला नंतर सांगितलं, नुकती सुरुवात आहे, वेळेवर सुटली.

दादा औषधं आणायला गेला आणि आपण दोघं रस्ता ओलांडत होतो. मी झुललो. मागून कोणीतरी म्हणालं, "भर दुपारीच टाकलीय." मी असल्या बोलण्याला आता मान वळवत नाही. पण तू वळलीस. तू त्या माणसाला म्हणालीस, "आजारी आहेत ते. तोंड सांभाळून बोला." तो गेला निघून. तू माझा दंड धरलास आणि पलीकडे नेलंस. दंड धरलास ते मला समजलं, तिथवर जाणीव आहे माझी.

पलीकडे पोचल्यावर मी विचारलं, न विचारता राहवलं नाही, "मग आता पटलं ना?"

तू बसथांब्याकडे वळलीस. मग जे म्हणालीस ते मी शब्दन् शब्द लिहून ठेवतोय, कारण ते मला नीट कळायला हवं. तू म्हणालीस, "पटलं. तुम्ही प्यायलेले नव्हतात. पण जिन्यात तुमचे पाय अडखळल्याचा आवाज यायचा ना, तेव्हा माझ्या पोटात गोळा यायचा. ठकीला आतल्या खोलीत न्यायचे, कडी लावायचे. तो गोळा खोटा नव्हता. तुमचं निर्दोष असणं आता कळलंय, पण अंगाला कुठे कळलंय?"

ज्याच्या पायाला सुई कळत नाही त्याने दुसऱ्याच्या अंगाला शहाणपण शिकवू नये. दादा औषधं घेऊन आला, बस आली, तू चढलीस. दोन्ही पायऱ्या न अडखळता चढलीस, ते मी बघितलं.

मला राग आलेला नाही. एवढं कळवायला हे पत्र. खोलीवर आलो, पंखा लावला आणि बसून राहिलो. घरमालकीण मावशी वर आली. तुझा दादा तिला भेटून सगळं सांगून गेला होता म्हणे. ती दारात उभी राहिली, पदर चाचपला, म्हणाली, "मी काहीबाही बोलले असेन." मग पाण्याचा हंडा भरून दिला. आता रोज देते. माणसं वाईट नसतात गं, त्यांना दिसतं तेवढंच ती बघतात.


३० ऑक्टोबर

अगं,

इतके महिने लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं लवकर घडत नव्हतं. नस वाढते ती गोगलगाईच्या चालीने. उन्हाळा सरेपर्यंत मी खाटेवरच होतो म्हणायला हरकत नाही. मग एक दिवस सकाळी फरशी गार लागली. पायाला गार लागली! मी उठून पुन्हा पाय टेकवला, पुन्हा गार. अख्खी सकाळ मी फरशीवर पाय टेकवत बसलो. सांगायला कोणी नव्हतं, मग मावशीला वरून ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "मग पायमोजे घाला." घ्या!

आता काठी घेऊन चालतो. डाव्या पायाला पट्टा आहे, तो पाऊल वर धरून ठेवतो. डॉक्टरीणबाई म्हणते, उरलेलं कदाचित येईल, कदाचित नाही, आशा धरा पण मुठीत आवळू नका. सायकली ठेवायच्या आवारात बसून काम मिळालंय, बिल्ले द्यायचे आणि घ्यायचे. लंबूही बरा होतोय, माझ्याआधी होईल, तो तरुण आहे. त्याने आणि बाकीच्यांनी कामावर बसायला नकार दिला तेव्हा कारखान्यात ते थिनर बंद झालं, खिडक्या उघडल्या. मुकादम माझ्याच आवारात सायकल ठेवायला येतो. मी बिल्ला देतो. तो बघत नाही. मीही जोर करत नाही.

आणि काल तुझं पत्र आलं.

मावशीने वर आणून दिलं. मी पाकीट फाडलं आणि कागद उजेडात धरला. आधी नुसतं अक्षर बघितलं. दवाखान्यात तू सही केली होतीस, तेव्हा पेन दोनदा निसटलं होतं आणि नाव ओळीखाली घसरत गेलं होतं. मी लांबून बघत होतो, तुला माहीत नाही. या कागदावर ओळी सरळ आहेत. वेलांट्या जागच्या जागी. उकार गोल. एका ठिकाणी तू शब्द खोडलायस, तोसुद्धा एका सरळ रेघेत. बोटं परत आली तुझी. मी कागदावरून माझं बोट फिरवलं, ते मला थोडं थोडं जाणवलं, खडबडीत होतं.

मजकूर नंतर वाचला. तू दादाच्या दुकानात शर्टांची काजं करतेस, ठकी पहिल्या बाकावर बसते, आणि तू परत येणार नाहीस, हे तू सरळ लिहिलंस, आडपडदा न ठेवता.

वाचलं. समजलं.

काजं करताना उजेडात बसत जा.

ठकीचे बाबा